सात वेळा मेलेला बुकुन

मी आता जे सांगणार आहे, त्यावर तुमच्यातला एकही जण विश्वास ठेवणार नाही. ठेवूही नका. माझ्यावर विश्वास ठेवून आजवर कुणाचं भलं झालेलं नाही, पीएचडी करणाऱ्यांचं सोडून.

खाली दरीत विद्यापीठ आहे, त्यात आदिवासी अभ्यास विभाग आहे. त्याच्या ग्रंथालयात खिडकीजवळच्या कपाटात आम्हां डोंगरातल्या बुनुन आदिवासींवरचे प्रबंध ओळीनं लावून ठेवलेत. त्यांतल्या अकरांत मी आहे. नावानं नाही. एकात मी 'पुरुष, वय ६३' आहे, एकात 'ज्येष्ठ शिकारी', एकात नुसता 'ह'. अकराही जण माझ्या ओट्यावर बसून गेले, चहा प्यायले, जाताना टॉवेल नाहीतर बिस्किटांचा डबा देऊन गेले. माझ्याकडे आता इतके टॉवेल आहेत की मी मेल्यावर मला गुंडाळायला वेगळं कापड आणावं लागणार नाही. आणि अकरा प्रबंधांत मिळून माझं खरं वाक्य एकच आहे. मला दम्याचा त्रास आहे.

यात माझा फार दोष आहे असं मला वाटत नाही. संशोधक येतो, रेकॉर्डर लावतो आणि विचारतो, राळ्याच्या पेरणीचं गाणं म्हणताना तुम्ही गोल का उभे राहता. आता गोल का राहतो? वडील राहायचे म्हणून. पण एवढंच सांगितलं तर समोरचा माणूस रडवेला होतो. दोन तास घाट चढून, एकदा वाटेत ओकून तो आलेला असतो. त्याला रिकाम्या हातानं कसं पाठवायचं? एका बाईला मी सांगितलं की पूर्वी एका गाणाऱ्याचा डोळा गाता गाता बाहेर पडला, शेतात रुजला आणि त्याला राळ्याचं कणीस आलं, म्हणून आम्ही डोळे मिटून गातो. बाई फार लांबच्या देशातून आलेली होती. तिनं लिहून घेतलं. तिचा प्रबंध झाला, त्यावरून कुणीतरी शाळेचं पुस्तक केलं, आणि मागच्या सणाला आमच्या शाळेची सगळी पोरं डोळे गच्च मिटून गात होती. एक मुलगी पायरीवरून खाली पडली. शेजारी बसलेला माझा जुना सोबती दाहू मला म्हणाला, "हायसुल, हे डोळ्यांचं केव्हापासून?"

"पूर्वापार," मी म्हणालो.

"मी तुझ्याहून दोन वर्षांनी मोठा आहे रे."

"मग तू तेव्हा डोळे मिटले असशील, म्हणून दिसलं नसेल."

दाहू पोट धरून हसला. मलाही हसू यायला हवं होतं. आलं नाही. पुष्कळ वर्षं झाली, मला हसू येत नाही आणि रडूही येत नाही. मी सांगतो, लोक हसतात, तेवढ्यावर भागतं. उकिडवं फार वेळ बसलं की पाय मरतो, तो आपलाच आहे हे हात लावून बघावं लागतं, तसं काहीसं. पायाला निदान नंतर मुंग्या येतात.

आता बुकुनचं सांगतो. बुकुन माझा धाकटा भाऊ. सेहेचाळीस वर्षांपूर्वी डोंगरात पडून मेला. शिकारीला आम्ही दोघंच गेलो होतो, म्हणजे सांगायला उरलो मी एकटा. आमच्याकडे माणूस डोंगरात उगाच पडत नाही. पाय घसरला हे कुणी कारण धरत नाही. पाय का घसरला? कुणीतरी काहीतरी मोडलेलं असतं, निघताना पाळायचं ते पाळलेलं नसतं. सगळं गाव माझ्या दारात येऊन विचारायचं, काय मोडलं, कुणी मोडलं. महिनाभर मी गप्प होतो. मग एके दिवशी म्हणालो, अस्वल आलं. अस्वलापुढे विचारणं थांबतं, ते कुणावरही येतं. पण एकानं विचारलं, अस्वल होतं तर अंगावर नखं कशी नाहीत. म्हणून पुढच्याला मी गरुड सांगितला. त्यापुढच्याला पांढऱ्या कानाचं सांबर, ज्यानं आमच्या आईच्या कुळाचं नाव घेऊन बुकुनला कड्याकडे हाक मारली. असं करत करत सात झाले. सांबराची गोष्ट चांगली जमलीय. ती तीन प्रबंधांत आहे.

हे सात मोजले कुणी? लांगुईनं. लांगुई म्हणजे बुकुनच्या मुलीची मुलगी, चौतीस वर्षांची, त्याच विद्यापीठात त्याच विभागात. तिची आई लवकर गेली, तिला आजीनं वाढवलं. आजी म्हणजे बुकुनची बायको, अबुस. लांगुई बाकीच्या अकरांसारखी टॉवेल घेऊन आली नाही. ती माझ्याच ओट्यावर रांगली होती. तिनं फक्त रेकॉर्डर आणला, आणि सहा वर्षं मी जे जे बोललो ते तारीख घालून लावून ठेवलं.

तिचा विषय आमचं बढाईचं रिंगण. ते असं असतं. शिकारीहून आलेले पुरुष उकिडवे गोल बसतात. दारूचा एकच पेला फिरतो, हल्ली तो दाहू भरून देतो. ज्याच्या हातात पेला, तो आपण काय केलं ते सांगतो, पण एका दमात नाही, तुकड्यातुकड्यानं. मी वर गेलो. सगळे म्हणतात, मी वर गेलो. रानडुक्कर मारलं. सगळे म्हणतात, रानडुक्कर मारलं. बायका मागे उभ्या राहून तेच म्हणतात. शेवटी आपल्या आईचं कुळ सांगायचं, म्हणजे बढाई मामाकडच्यांनाही चिकटते. रिंगणाबाहेर काय हवं ते बोला. आत एक तुकडा जरी कुणी मागून म्हटला नाही, तरी बढाई तिथे थांबते आणि पेला काढून घेतात. माझ्या आयुष्यात हे एकदाच झालं. दाहूचा काका म्हणाला, पाच डुकरं, आणि त्याच्या सख्ख्या मेव्हण्यानं तोंड मिटलं. काका पुन्हा शिकारीला गेला नाही. कोंबड्या पाळू लागला.

तर मार्चच्या सुरुवातीला लांगुई माझ्याकडे आली. चहा तिनंच केला.

"आजोबा, एक विचारायचंय. रेकॉर्डर बंद आहे."

"मग बोलून काय उपयोग?"

"चौथ्या प्रकरणाबद्दल."

चौथं प्रकरण माझं होतं. बुकुनच्या सात मरणांचं. तिच्या मार्गदर्शकांना, शेन सरांना, ते फार आवडलं होतं. सर आमच्यातले नव्हेत, चिनी, पण माणूस बरा, आमची भाषा इतकी हळू बोलतात की ऐकणारा मधे जेवून येऊ शकतो.

"सर म्हणतात, एकाच घटनेच्या सात आवृत्त्या म्हणजे मौखिक परंपरा जिवंत असल्याचा पुरावा."

"बरोबर म्हणतात."

"सात आवृत्त्या म्हणजे एक थापाड्या म्हातारा," लांगुई म्हणाली. "हे मला माहितीय आणि तुम्हांला माहितीय. सरांना सांगायची सोय राहिलेली नाही, ते त्यावर जपानमध्ये भाषण देऊन आले."

"टाळ्या पडल्या का?"

"आजोबा."

तिनं पिशवीतून एक कागद काढला. आमच्याकडे आता नियम झालाय, गावावर प्रबंध लिहायचा तर गावाला विचारावं लागतं. गावानं हात वर करून हो म्हटलं होतं. पण एखाद्या घरच्या मरणाबद्दल लिहायचं तर त्या घरच्या जवळच्या माणसाचं संमतीपत्र वेगळं लागतं, सही नाहीतर अंगठा. तिच्या हातात होती ती त्याची नक्कल. मूळ कागद चार महिने अबुसच्या घरात पडून होता, अंगठ्यावाचून.

"आजी नाही म्हणत नाही. हो पण म्हणत नाही," लांगुई म्हणाली. "महिनाअखेर माझी मुदत संपते. आधीच दोनदा वाढवून घेतलीय, आता वाढवत नाहीत. नाव कापलं जाणार. सहा वर्षं गेली, आजोबा."

"चौथं प्रकरण काढून टाक."

"मग उरतं काय? रिंगणात बुनुन माणूस खोटं का बोलू शकत नाही, हा माझा प्रबंध. त्याला रिंगणाबाहेरचा माणूस दाखवायला लागतोच. तुम्ही रिंगणात कधी बुकुनचं नाव घेतलं नाहीत. सेहेचाळीस वर्षांत एकदाही नाही. बाहेर सात मरणं आणि आत एक अक्षर नाही. मी काय काढू?"

हुशार मुलगी आहे. मला थोडं वाईट वाटायला हवं होतं. मी चहा संपवला.

दुसऱ्या दिवशी अबुसकडे गेलो. ती अंगणात तुरीच्या शेंगा सोलत बसली होती. एकोणऐंशी वर्षांची बाई, पाठीत वाकलेली, पण नखं अजून धारदार. मला बघून तिनं एक सूप माझ्याकडे ढकललं.

"बसा भाऊजी. हात रिकामे नका ठेवू."

मी सोलायला लागलो.

"त्या पोरीचा कागद," मी म्हणालो.

"मिठाच्या बरणीखाली आहे. उडत नाही."

"अंगठा का देत नाहीस?"

"तिनं मला सगळं वाचून दाखवलं. चार संध्याकाळी लागल्या. अस्वलानं मारलं. गरुडानं नेलं. जपान्यांच्या राज्यातल्या जुन्या काटेरी तारेत गळा अडकला. ते सांबर. नंतरचे तीन मी ऐकले नाहीत, भाजी लागत होती." तिनं एक किडकी शेंग बाजूला टाकली. "माझा नवरा एकदाच मेला, भाऊजी. तिच्या पुस्तकात सात वेळा मेलाय. सात वेळा मी अंगठा देऊ?"

"लोकांना आवडतात त्या गोष्टी."

"सांबराची मलाही आवडली."

मी पुढची शेंग उचलली. इतरांपुढे माझी जीभ चालते, तिच्यापुढे टाळ्याला चिकटते. बुकुन गेल्यापासून मी तिचं सरपण फोडून दिलं, छपराचे पत्रे बदलून दिले, पोरीला शाळेत घालायला मी गेलो. आम्ही दोघांनी बुकुनबद्दल एक शब्द काढलेला नाही. लोक म्हणायचे, हायसुलच्या मनात काही काळंबेरं आहे, म्हणून राबतो. एकदोघे तर म्हणायचे, त्यानंच ढकलला असेल. दाहूनं एकाचे दात पाडले त्यावरून. मी नाही पाडले. मला काही वाटलंच नाही.

"रिंगणात सांगा," अबुस म्हणाली.

"काय?"

"रविवारी चर्च सुटल्यावर. दाहूला सांगून ठेवते. मी मागे बसेन. तुम्ही म्हणाल ते मी म्हणेन. शेवटापर्यंत मला म्हणता आलं तर अंगठा देते, त्या पोरीचं काम होऊ दे."

"रिंगण बढाईसाठी असतं. मरण कुणी सांगत नाही त्यात."

"कुणी करत नाही ते तुम्ही पहिल्यांदाच करताय असं थोडंच आहे?"

मी एक मूठ दाणे सुपात सोडले. "तू मला कधी विचारलं नाहीस," मी म्हणालो.

"तुम्ही तरी मला कुठे विचारलंत?"

"तुला काय विचारायचं होतं?"

तिनं टरफलं गोळा केली आणि डुकरांना टाकायला उठली. परत आली तेव्हा माझी दाणे सोलायची पद्धत कशी वाईट आहे, निम्मे चिरडतात, यावर बोलत राहिली.

तीन दिवस माझ्या हातात होते. या तीन दिवसांत मी एकही थाप मारली नाही, हे तुम्ही मानणार नाही, पण दुकानदारीण साक्षीला आहे. तिनं मला विचारलं, बरं नाही का.

जे झालं ते मला रोज दिसतं. डोळ्यांपुढे येतं आणि जातं, दुसऱ्याच्या घरची भिंत दिसावी तसं. आम्ही जुन्या गावाच्या वाटेनं वर गेलो. तिसऱ्या दिवशी एक सांबर मिळालं, मोठं नाही. परतताना तुटक्या कड्यापाशी ओढा ओलांडायचा होता, वर जुन्या पुलाचे दोन दोर आणि चार फळ्या राहिलेल्या. मी आधी गेलो. बुकुन मागून आला. मी वळून बघितलं तेव्हा फळी होती आणि बुकुन नव्हता. खाली उतरायला मला दुपार लागली. तो बोलत होता. पाणी मागितलं, मी दिलं. मांस खराब होईल, मीठ लाव, म्हणाला. सूर्य जायच्या आधी तो गेला. मी सांबर तिथेच टाकलं, पाठीवरच्या करंडीत भावाला बसवलं, करंडीची पट्टी कपाळावर घेतली आणि चालू लागलो. दोन दिवस. लोक म्हणतात मेलेला माणूस जड होतो. होत नाही. मी नेलाय. तेवढाच असतो.

घरी पोचलो तेव्हा अबुस दारात होती. तिनं करंडीला हात लावून ती खाली घ्यायला मदत केली. मला विचारलं नाही की काय झालं. आत जाऊन पाणी तापवलं. मी तिथेच उभा राहिलो. त्या वेळी माझ्या अंगातून जे काही गेलं, ते परत आलेलं नाही.

रविवारी चर्चच्या अंगणात सगळे थांबले. एरवी लगेच जेवायला पळतात. प्लास्टिकची स्टुलं बायकांसाठी, पुरुष जमिनीवर उकिडवे. शेन सर आले होते, हातात छत्री आणि छत्रीची गरज नव्हती. ते कुठे बसायचं ते न कळून भिंतीजवळ उभे राहिले. लांगुईनं रेकॉर्डर रिंगणाच्या मधोमध दगडावर ठेवला. लाल दिवा लागला. तिची आजी पाठीमागे स्टुलावर, मांडीवर घडी केलेला रुमाल.

"आज कितवं अस्वल?" कुणीतरी विचारलं.

"अस्वलं संपली, आज देवमासा," दुसरा म्हणाला.

"डोंगरात?"

"हायसुल सांगेल कसा चढला ते."

दाहूनं घसा खाकरला, सगळे गप्प झाले. त्यानं कॅनमधून राळ्याची दारू पेल्यात ओतली, तीन थेंब जमिनीवर टाकले, आणि पेला माझ्या हातात दिला. देताना माझ्या कानाशी म्हणाला, "नीट सांग रे बाबा. मला तुझा पेला काढून घ्यायला लावू नकोस."

मी एक घोट घेतला.

"मी हायसुल," मी म्हणालो.

"मी हायसुल," सगळे म्हणाले.

"भावाबरोबर वर गेलो."

"भावाबरोबर वर गेलो."

सेहेचाळीस वर्षांत पहिल्यांदा तीस माणसं बुकुनबद्दल एकदम बोलत होती. मला वाटलं होतं काहीतरी होईल. पेल्यातली दारू हलत नव्हती. मी बायकांच्या आवाजांतून एक आवाज शोधत होतो. सापडला. बारीक, थोडा मागे राहणारा, पण प्रत्येक तुकड्याला होता.

"तिसऱ्या दिवशी सांबर मारलं."

"तिसऱ्या दिवशी सांबर मारलं."

"तुटक्या कड्यावर भाऊ पडला."

"तुटक्या कड्यावर भाऊ पडला."

रिंगणातल्या दोघांनी एकमेकांकडे बघितलं. अस्वल नाही, गरुड नाही. शेन सरांनी छत्री भिंतीला टेकवली. लांगुईनं वहीत काहीतरी लिहिलं आणि खोडलं.

"मी त्याला पाठीवर आणला."

"मी त्याला पाठीवर आणला."

अबुसनं तेही म्हटलं. मी थांबलो. इथून पुढे मी कुणालाच सांगितलेलं नाही, अकरांपैकी एकालाही नाही, तुम्हांलाही आता पहिल्यांदाच सांगतोय. थांबलेलं गाव वाट बघत होतं. बुकुन का पडला, काय मोडलं, कुणी मोडलं. मी आधी म्हातारी माणसं बघितली. त्यांना उत्तर हवंच होतं, मरायच्या आधी. मग लांगुईकडे बघितलं, तिला हवं होतं महिनाअखेरच्या आत. मग ठरवलं, सांगून टाकायचं. एवढं सांगितलं की संपतं, पोरीला अंगठा मिळतो, आणि मी मेल्यावर माझ्यावर कोण रागावणार आहे?

"निघताना मी दारात होतो," मी म्हणालो.

"निघताना मी दारात होतो."

या वेळी तो बारीक आवाज नव्हता असं मला वाटलं. पण दाहूच्या आवाजानं बाकी सगळे झाकतात, म्हणून मी पुढे गेलो.

"मला शिंक आली."

शिकारीला निघताना कुणी शिंकलं तर त्या दिवशी जायचं नसतं. करंड्या खाली ठेवायच्या, कुत्री बांधायची, घरात बसायचं. लहान पोरालाही कळतं. सगळ्यांनी तो तुकडा म्हटला, पण हळू, चव बघून घोट गिळावा तसा.

"मी ती दाबली. कुणाला सांगितलं नाही."

आता पाचसहा जणांचाच आवाज नीट ऐकू आला, बाकीचे नुसते पुटपुटले. एका म्हाताऱ्यानं मान खाली घातली. म्हणजे हायसुलनं मोडलं होतं. म्हणजे लोक म्हणायचे ते फार चुकीचं नव्हतं. मला ते त्यांच्या तोंडांवर दिसत होतं आणि मला काही वाटत नव्हतं, बरंच वाटत होतं म्हणा हवं तर. फक्त आईचं कुळ सांगायचं राहिलं होतं. मी तोंड उघडलं.

दाहूनं माझ्या मनगटावर हात ठेवला. तो माझ्याकडे बघत नव्हता. माझ्या मागे बघत होता.

"अबुस म्हणाली नाही," तो म्हणाला. "शेवटचे तिन्ही तुकडे नाही म्हणाली."

त्यानं पेला माझ्या हातून काढून घेतला. मी वळलो नाही. स्टूल फरशीवर सरकल्याचा आवाज आला, ती उभी राहिली असावी.

"खोटं आहे," अबुस म्हणाली. तिचा आवाज चढलेला नव्हता, भाजीला मीठ कमी आहे म्हणावं तसा होता. "भाऊजी दारात नव्हतेच. ते कुत्री घेऊन खालच्या वळणावर थांबले होते. शिंक बुकुनला आली. उंबऱ्यावर. त्यानं माझ्याकडे बघितलं, मी थांब म्हणते का ते. पावसानं दोन महिने घरात मांस नव्हतं. मी भांड्याकडे बघत राहिले. मग तो गेला. वाटेत त्यानंच भाऊजींना सांगितलं असणार, नाहीतर यांना शिंकेचं कळलं कुठून? तेव्हापासून हे माझ्यावर काही येऊ नये म्हणून खोटं बोलतायत आणि मी ऐकून घेतेय. लांगुई, तो लाल दिवा लागलाय ना? अंगठा देते मी. पण हे लिही. दाहू भाऊ, तो पेला इकडे आण. बायका पेला धरत नाहीत ते मला माहीत आहे. मी अबुस. शिंक मी ऐकली. म्हणा."